मागून हाक मारली तर

उज्वला जळकोटला पोचली तेव्हा प्रशिक्षण अजून सुरू व्हायचं होतं, पण ती आधीच दमून गेली होती. पहाटे उठून तिनं स्वयंपाक केला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची अंघोळ उरकली, अंगणवाडीची किल्ली मदतनीस कस्तुराबाईंच्या हातात दिली आणि काळीपिवळीत अर्धी आत, अर्धी बाहेर बसून चौदा किलोमीटर आली. सव्वीस वर्षं ती गावात अंगणवाडी सेविका होती. इतक्या वर्षांत किती प्रशिक्षणं झाली ते तिलाही सांगता आलं नसतं. वजनाचं, लसीकरणाचं, मोबाईलच्या अ‍ॅपचं, मग ते अ‍ॅप बदललं म्हणून पुन्हा नव्याचं. आता तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी नवा अभ्यासक्रम आला होता, त्याचे तीन दिवस.

सभागृहात साठ-सत्तर सेविका आणि दोन चालू पंखे. शिकवायला नांदेडहून धम्मप्रिया मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आत-बाहेर, घसा पार बसलेला. या महिन्यातला त्यांचा हा चौथा तालुका. पडद्यावर एकेक चित्र सरकवत त्या सांगत होत्या : मुलांना बाराखडी घोकायला लावू नका, गोष्ट सांगा, गाणं म्हणा, मातीत खेळू द्या, काय केलं ते लिहून ठेवा आणि फोटो टाका.

"हे समदं करायचं तर खिचडी कोण शिजवायची आन् गृहभेटी कोण द्यायच्या?" शेजारी बसलेली पलीकडच्या गावची रेणुका पुटपुटली.

"लिहून घे," उज्वला म्हणाली. तिनं स्वतः पहिल्या दिवशी अकरा पानं लिहिली. त्यातलं एक पानही पुन्हा उघडलं जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं वही कपाटावर टाकली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांच्या माना पेंगायला लागल्या. तेव्हा मॅडमनी एकेक छापील कागद वाटला. आपल्या अंगणवाडीतलं कोणतंही एक मूल डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याच्याबद्दलचे रकाने भरायचे. बहुतेकींनी आपापलं हुशार पोर निवडलं. उज्वलानं सुकन्याचं नाव लिहिलं, कारण तिच्याबद्दल फार विचार करावा लागणार नाही असं तिला वाटलं.

सुकन्या चार वर्षांची. व्यंकट आणि लक्ष्मम्माची एकुलती एक. लक्ष्मम्मा तेलंगणाच्या बाजूची, लग्न करून या गावात आलेली. मराठी बोलायची, पण लेकीशी तेलुगूच. एकतीस पोरांत सुकन्यासारखं गुणी पोर नव्हतं. रडणं नाही, मारामारी नाही, बसवलं तिथं बसायची. कुणी अधिकारी पाहणीला आले की उज्वला तिलाच पुढं बसवायची, आणि फोटोत तीच नीट यायची.

उज्वला भराभर खुणा करत गेली. धावते का? होय. रंग ओळखते का? होय. दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलते का? इथं तिनं "घरात तेलुगू" असं लिहिलं. गेल्या वर्षीच्या नोंदीतही तिनं तेच लिहिलं होतं.

पुढचा प्रश्न होता : मागून नाव घेऊन हाक मारली तर वळून बघते का?

तिनं "होय"वर खूण केली. मग तिचा हात थांबला. असं कधी झालं होतं, ते ती आठवू लागली. एकदा तरी. सुकन्या म्हणून हाक मारली आणि पोरीनं मान वळवली, असं.

काही आठवेना. आठवलं ते वेगळंच. खिचडी तयार झाली असं कस्तुराबाईंनी ओरडून सांगितलं की सगळी पोरं ताटल्या घेऊन पळायची, आणि सुकन्या मात्र बाकीचे उठलेले बघून मग उठायची. गाणं चालू असताना ती उज्वलाच्या तोंडाकडं टक लावून बघायची. उज्वलाला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकते. गेल्या महिन्यात पत्र्यावर माकडांनी उड्या मारल्या तेव्हा सगळी पोरं किंचाळत उज्वलाला येऊन बिलगली. सुकन्या कोपऱ्यात ठोकळे मांडत बसली होती. किती धीट पोरगी, असं उज्वला तेव्हा कस्तुराबाईंना म्हणालीसुद्धा होती.

कागद गोळा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि मग पुढं गेली.

"मॅडम, माझ्याकडं एक पोरगी हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटतंय तिला ऐकूच येत न्हाई. दोन वर्षं झाली, माझ्यासमोर बसून राहिली."

धम्मप्रिया मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. "ताई, आधी खात्री करा. तिच्या पाठीमागं उभ्या राहा. तुमची सावली दिसायला नको आणि जमिनीला हादरा बसायला नको. मग आवाज करा. नाही वळली, तर वाट बघू नका. लातूरला न्या." त्यांनी कागदावर स्वतःचा नंबर लिहून दिला.

परत आल्यावर उज्वला घरी न जाता तडक व्यंकटच्या घराकडं गेली. ऊन अजून उतरलं नव्हतं. लक्ष्मम्मा अंगणात तूर पाखडत होती. सुकन्या भिंतीकडं तोंड करून काड्या मांडत बसली होती.

"सुकन्या," उज्वलानं मागून हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "ए सुकन्या!"

पोरीनं आणखी एक काडी ठेवली.

उज्वला ओसरीवरून दोन स्टीलच्या ताटल्या घेऊन आली आणि पोरीच्या पाठीमागं उभी राहून एकीवर एक आपटली. कोंबड्या फडफडत पळाल्या. दावणीचं वासरू बिथरलं. शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. सुकन्या काड्या मांडतच राहिली.

लक्ष्मम्मानं सूप खाली ठेवलं होतं. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं.

"म्या बी हे करून बघितलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"मागल्याच्या आदल्या दिवाळीला. दारात फटाके वाजून राहिले होते आन् ही झोपलेली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं आले की न्हाई मी?"

आली होती. त्या दिवशी वजनं घ्यायची होती, मोबाईलला रेंज नव्हती, वरून फोनवर फोन येत होते. दारात उभ्या राहिलेल्या लक्ष्मम्माकडं नीट न बघताच उज्वला म्हणाली होती, "घरात दोन-दोन भाषा, पोरगी गोंधळली हाय. बोलंल, नको काळजी करू."

"तुम्ही म्हणलात ते मी घरी येऊन सांगितलं," लक्ष्मम्मा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सासूबाई म्हणल्या, मग आजपासून पोरीशी तेलुगू बंद. मराठीतच बोल. वर्षाच्या वर झालं, ताई. माझ्या बिड्डाशी, माझ्या लेकराशी, मी माझ्या भाषेत एक शब्द बोलले न्हाई. लाड करताना तोंडातून यायचं तर सासूबाई डोळे वटारायच्या. मला वाटायचं, माझ्याच भाषेमुळं हिचं नुकसान झालं."



"माझं चुकलं, लक्ष्मम्मा."

"मग आता?"

"उद्या लातूरला जाऊ. मी येते संगं."

"तुमचं ते प्रशिक्षण हाय ना?"

"राहू दे."

सकाळी तिनं मॅडमना फोन केला. शेवटच्या दिवशी परीक्षा होती. ती दिली नाही तर प्रशिक्षण पूर्ण धरत नाहीत, हे मॅडमनी तिला सांगितलं. "माहीत हाय," उज्वला म्हणाली. मग मॅडमनी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं, सोबत कोणते कागद घ्यायचे, ते सावकाश सांगितलं.

एका फेरीत काही झालं नाही. पहिल्या दिवशी नुसतंच नाव लागलं आणि कान तपासून झाले. खरी तपासणी पोर झोपलेलं असताना करायची होती, तिची तारीख बारा दिवसांनी मिळाली. त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तिघी निघाल्या. व्यंकटला रानातलं काम सोडता आलं नाही. खरं म्हणजे त्याला यायची भीती वाटत होती, आणि ते लक्ष्मम्मानं उज्वलाला बसमध्ये सांगितलं. औषध पाजूनही सुकन्या दोन तास झोपेना. शेवटी ती आईच्या खांद्यावर कलंडली तेव्हा दुपार झाली होती.

डॉक्टरांनी कागद बघितले. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आधी ऐकू येण्याचं मशीन कानाला लावून बघायचं, बोलण्याचे धडे सुरू करायचे, आणि शस्त्रक्रियेचं लवकर ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं.

"चार वर्षांची होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी लक्ष्मम्माकडं बघून विचारलं.



"आईच्या लक्षात आलं होतं," उज्वला म्हणाली. "मी अंगणवाडीची सेविका. ती विचारायला आली आन् मीच तिला घरी पाठवलं."

"आता आणखी वेळ घालवू नका," एवढंच डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. सुकन्या जागी झाली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. लक्ष्मम्मानं तिचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवलं आणि ती तिच्याशी तेलुगूत बोलायला लागली. हळूहळू सुरू झालं, मग थांबेचना. चाकूरपर्यंत ती बोलत होती. उज्वलाला त्यातला एक शब्दही कळला नाही. पोरगी आईच्या ओठांकडं बघत होती आणि मधूनच हसत होती.

"हिला ऐकूच येत न्हाई," लक्ष्मम्मा नंतर म्हणाली, "मग कोणच्या बी भाषेत बोललं तर काय बिघडलं असतं?"

 

अंगणवाडीत परतल्यावर तिनं चार दिवसांत उरलेल्या तीसही पोरांना एकेक करून पाठमोरं बसवलं आणि हाका मारल्या. सगळी वळली. कस्तुराबाईंना वाटलं हा नवीन खेळ आहे, आणि त्याही पोरांबरोबर हसत होत्या. प्रशिक्षणाचे तिचे तीन दिवस अपूर्णच धरले गेले होते, म्हणून मार्चअखेर तिला रेणापूरच्या तुकडीत पुन्हा बसावं लागलं. तोच पडदा, तीच चित्रं, शिकवायला दुसरे कुणी सर. तिनं पुन्हा पानं भरली आणि परीक्षा दिली. सासऱ्यांकडं बघायला तीन दिवस नणंद येऊन राहिली, जाताना चार शब्द ऐकवून गेली.

एप्रिलमध्ये मशीन मिळालं. सुकन्याच्या कानात ते घातल्यावर पहिला आठवडा नुसतं रडणं. तिला आवाज ही काय गोष्ट आहे हेच माहीत नव्हतं. एकतीस पोरांचा कालवा नेमका किती त्या कानात शिरत होता, देव जाणे. पण ती मशीन ओढून काढायची आणि फेकून द्यायची. उज्वला उठायची, मशीन उचलायची, पदरानं पुसायची, पुन्हा घालायची. मग तोंडासमोर तोंड आणून एकच शब्द म्हणायची, "पाणी." पुन्हा, "पाणी." मागं बाकीची पोरं भांडत असायची, खिचडी करपायला लागलेली असायची, मोबाईलवर फोटो मागितलेले असायचे.

लक्ष्मम्मा रोज तासभर अंगणवाडीत येऊन बसायला लागली. उज्वलाशी ती कामापुरतंच बोलायची. मशीन कसं पुसायचं, लातूरची पुढची तारीख कोणती, एवढंच. लेकीशी मात्र ती तेलुगूत बोलायची आणि उज्वला मराठीत. लातूरच्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, दोन्ही चालतील, फक्त भरपूर बोला.

शस्त्रक्रियेचं अजून ठरायचं होतं. पोरगी कधी बोलेल, किती बोलेल, कुणी सांगू शकत नव्हतं.

एका दुपारी मशीन नऊ वेळा घालून झाल्यावर दहाव्यांदा सुकन्यानं ते कानात राहू दिलं आणि ठोकळे मांडायला लागली. पोरं घरी गेली. कस्तुराबाई पातेली घासायला नळावर गेल्या. उज्वला भिंतीला टेकून बसली आणि तिचे डोळे मिटले. लक्ष्मम्मानं पाण्याचा तांब्या आणून तिच्याजवळ ठेवला. मग तिनं लेकीला कडेवर घेतलं, मशीनची वायर नीट कानामागं सरकवली आणि उन्हातून घराकडं चालायला लागली.