पांढरी राहिलेली गल्ली

किनाऱ्यावर ही गर्दी! मधोमध दर्याबाबा डोळे मिटून काठी फिरवत होता. "हे घर समुद्र गिळणार! हेही गिळणार!" गेल्या वर्षी त्यानं सांगितलेली तीन घरं खरंच वाहून गेली, तेव्हापासून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. काठी माझ्या ताईच्या दारात येऊन थांबली. "इथं मी लाट बांधली. खुशाल राहा, बाई!"

ताईनं रडतरडत हात जोडले आणि बाबा काय सांगेल या धास्तीनं बांधून ठेवलेलं सामान पुन्हा सोडलं. उधाण चार दिवसांवर होतं. मी कपाळावर हात मारला.

पूर कुठं येईल, किनारा कुठं ढासळेल, याचे नकाशे काढण्यात माझी वीस वर्षं गेली. धोक्याची घरं तांबडी, बाकीची पांढरी. फुकट आहेत, मोबाइलवर दिसतात, पण कुणी ढुंकून बघेल तर शपथ! ताईचं घर तांबड्यात आहे, हे तिला दहादा सांगितलं. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली.

एक गोष्ट मात्र खटकली. बाबानं बाकी सगळी तांबडी घरं बरोब्बर दाखवली, मग ताईचीच गल्ली कशी सुटली? ऑफिसात जाऊन जुना नकाशा काढला आणि बघतो तर काय! त्यात ती गल्ली रंगवायची राहून गेली होती. चूक माझी! पुढं नव्या नकाशात मीच ती सुधारली आणि विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही नकाशे पसरले. बाबानं सांगितलेलं घर न् घर जुन्या नकाशात तांबडं, सोडलेली गल्ली तेवढी पांढरी.

"बाबा, तुमच्या साक्षात्कारात माझी चूक कशी हो शिरली?"

"दर्या कागद वाचत नाही!" बाबा गरजला.

"तुम्ही वाचता ना!"

ताई पुढं आली. "लाट बांधलीय ना? मग उधाणाच्या दिवशी माझ्या घरात तुम्हीच राहा."

बाबाला एकदम दुसऱ्या गावची भक्तमंडळी आठवली. संध्याकाळपर्यंत तो पसार झाला.

उधाणात ताईच्या घराची समुद्राकडची भिंत गेली. ताई माझ्या स्वयंपाकघरात बोचक्यांवर बसली होती.

"तेव्हाच नीट का नाही रंगवलंस रे?"

"चुकलो, ताई."

चूक कागदावर होती म्हणून सापडली. मिटलेल्या डोळ्यांआड काय आहे, ते कोण तपासणार? थकलो मी सांगून सांगून. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, नकाशा उघडा, स्वतः बघा. तुमचं घर कुठल्या रंगात आहे, बघितलंत का?