आपत्ती: नाही

मल्हारीतात्यांनी सांगलीच्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही, आणि समोरच्यानं विचारलं नाही तरी ते हे सांगत. बायको गेल्यावर ते दिल्लीला, मयूर विहारमधल्या मुलाकडे राहायला आले. तिथं त्यांना तारलं ते सोसायटीच्या गेटजवळच्या पेपर स्टॉलनं.

स्टॉल चंद्रप्रभाचा. बाई मूळची पानिपतची, म्हणून तात्या पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत म्हणाले, "आपके गाँव से हमारा पुराना झगड़ा है." ती हसली, आणि त्यांच्यासाठी मराठी पेपर मागवू लागली. तो एक दिवस शिळा येई, पण येई. तिला मराठी वाचता येत नव्हतं. गठ्ठ्यातून ती 'ळ' हुडकायची. "जिसमें ये जलेबी वाला अक्षर, वो बाबूजी का." बावीस वर्षं ती त्या जागी बसत होती.

दिवाळीच्या तोंडावर वॉचमन एक कागद घेऊन आला. तळमजला म्हणून पहिली सही तात्यांची. कागदावर एवढंच होतं: 'गेट के पेपर स्टॉल संबंधी. आपत्ति: है / नहीं.' तात्यांचं डोकंच फिरलं. या बाईची कुणाला कसली आपत्ती? आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, फार तर सोसायटीचा सेक्रेटरी. त्यांनी 'नहीं'वर ठसठशीत खूण केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि सही ठोकली. वरच्या मजल्यांवर सगळ्यांनी न वाचताच त्यांच्या खुणेखाली खुणा केल्या.

रविवारी सकाळी बोर्डावर नोटीस लागली. स्टॉल हटवायला कुणाचीही आपत्ति नाही, सोमवारपासून तिथं सेल्फी पॉइंट होणार. तात्यांनी दोनदा वाचली आणि सुनेला, अर्पिताला, हाक मारली. ती दिल्लीतच वाढलेली.

"अहो बाबा, आपत्ति म्हणजे हरकत. ऑब्जेक्शन. तुम्हाला काय वाटलं?"

"संकट."

ती हसायला लागली, पण त्यांचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; इथं तर शहाणपण तात्यांचं आणि बैल दुसरीचा गेला होता.

ते तडक सेक्रेटरीकडे, केतनकडे गेले. "अंकल, एक भी लिखित आपत्ति आती तो मीटिंग बुलानी पड़ती. नहीं आई," तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला. तात्यांनी खिशातलं पेन काढलं. केतननं मान हलवली. "अब डेट निकल गई. और पेपर पढ़ता कौन है आजकल?"

मी वाचतो, तात्यांच्या ओठांवर आलं होतं. स्टॉल हटवणार हे कागदावर लिहायचं नाही, आणि मग सह्या मोजायच्या! छापखान्यात असला मजकूर त्यांनी तोंडावर फेकला असता. त्यांनी पेन परत खिशाला अडकवलं. निम्मा संताप स्वतःवरच होता.

चंद्रप्रभा सामान बांधत होती. "सबसे ऊपर आपका नाम था, बाबूजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तात्या समजावायला गेले, पण त्यांची हिंदी ऐन वेळी आटली. तिनं नेहमीसारखा 'ळ'वाला पेपर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना मान वर करवेना.

सोमवारी सकाळी स्टॉल उचलला गेला होता. सेल्फी पॉइंटचं प्लॅस्टिकचं कमळ टेम्पोतून उतरत होतं. तात्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली आणि त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मध्ये मांडून बसले. भिंतीशी आपल्या गठ्ठ्यांवर बसलेल्या चंद्रप्रभाला त्यांनी हातानंच बोलावलं. तिनं गठ्ठे त्यांच्या पायाशी सोडले. वॉचमन घुटमळला. मग केतन आला.

"अंकल, ये क्या है?"

तात्यांनी चष्मा नीट केला आणि पेपर उघडला.

"मैं आपत्ति हूँ," ते म्हणाले. "मराठी वाली."