सुनंदा, अकोला

भांड्यांच्या जाळीतली वाटी आपोआप घसरली आणि खालच्या ताटावर टणकन आपटली.

ललिताने अंगठा हवेतच धरला. पलंगावर चार वर्षांच्या गोदाने कूस बदलली, तोंडात काहीतरी चघळल्यासारखं केलं आणि एक पाय उशीवर टाकून परत झोपली. घर पुन्हा गप्प झालं. खाली गंगापूर रोडवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा बंद खिडकीतून येत राहिला. हातातल्या फोनवरचं घड्याळ संपत आलं होतं. तिने बटण दाबलं. लाल स्कूटीच्या चित्राखाली नाव उमटलं, सुनंदा, अकोला, आणि घड्याळ पुन्हा मागे गेलं.

सुनंदा म्हणजे तीच. ललिता अकोल्याला कधी गेलेली नव्हती. नाव कंपनीने दिलेलं, हा फोनही कंपनीनेच दिलेला. ‘तुम्ही फक्त गर्दी दाखवायची,’ पल्लवी मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. ‘रिकाम्या दुकानात कोणी शिरतं का?’ ते तिला पटलं होतं. मॅडमचं बोलणं ऐकताना सगळंच पटायचं. फोन ठेवल्यावर मात्र नेमकं काय पटलं ते आठवायचं नाही.

ॲपवरचा लिलाव दिसायला साधा होता. बटण दाबलं की वस्तूची किंमत दहा पैशांनी वाढायची आणि घड्याळ नव्याने सुरू व्हायचं. घड्याळ शून्यावर येताना ज्याचं नाव वर असेल, वस्तू त्याची. लाखाची स्कूटी दोन-चारशे रुपयांत. फक्त दर वेळी दाबायला एक टोकन लागायचं, ते आधी पैसे देऊन घ्यायचं, आणि हरलात तरी गेलेलं टोकन परत मिळायचं नाही. सुनंदाची टोकनं मात्र कधी संपत नसत. सुनंदाने आजवर एक मिक्सर, दोन मोबाईल आणि भिंतभर टीव्ही जिंकला होता. त्यातलं काहीच कुठे पोचलं नव्हतं, कारण सुनंदाला घरच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो टीव्ही परत लिलावात लागायचा.

सकाळी डबा घेताना नवऱ्याने, सुनीलने, विचारलं होतं, “तुझ्या त्या ॲपवर कोर्टात केस चालू आहे म्हणे. जुगार आहे की हुशारीचा खेळ, ते ठरायचंय.”

“मग ठरलं का?”

“नाही ना अजून.” चप्पल घालता घालता तो थांबला. “पण तू त्यात नेमकं काय करतेस गं?”

“कस्टमर सपोर्ट,” ती म्हणाली. कंपनीच्या ग्रुपवर हेच सांगायला सांगितलं होतं. उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच कसंतरी झालं. कोर्टालाच अजून कळलेलं नाही, मग आपल्याला कुठून कळणार, असं म्हणत तिने कणकेचा डबा बंद केला होता. तो दुपारपर्यंत तसाच ओट्यावर होता.

समोरच्याने पुन्हा बटण दाबलं. सुनंदाच्या जागी नाव आलं : गुलछबू.

बाकीचे सगळे केव्हाच गळाले होते. हा एकटा राहिला होता. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं, आता येत नव्हतं. गुलछबू ही विंचूरला तिच्या माहेरची शेळी. तिने शेजारच्या लग्नात नवरदेवाचा फेटा अर्धा खाल्ला, त्या दिवशी ललिताने आणि धाकट्या हिरामणने मिळून हे नाव ठेवलं होतं. पण शब्द काही त्यांच्या घरचा नव्हता. कोणालाही सुचेल. सातारच्या कोणाला, लातूरच्या कोणाला.

ललिताने सुनंदाचं बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा फोन उचलून भावाला लावला. स्पीकर हळू केला.

“बोल ताई.”

“काय करतोयस?”

“काय नाय. बसलोय. लिलाव उरकला सकाळचा, शेठ जेवायला गेले.”

हिरामण कांद्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. रोज शेठच्या मागोमाग ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर फिरायचा. स्क्रीनवर गुलछबू आला. तिने दाबलं.

“च्!” विंचूरहून आवाज आला.

ती थांबली. गुलछबू आला. तिने पुन्हा दाबलं.

“आयला!”

“काय झालं?”

“काय नाय. डास.”

“भर दुपारी?”

“विंचूरचे हाय ते. त्यांना कुठं घड्याळ?”

ललिता हळूच जमिनीवर बसली, पलंगाला पाठ टेकून. अंगठा आपलं काम करत होता.

“हिऱ्या, फोनवर काय खेळतोयस?”

“तुला कोण बोललं? पूजानं?”

“तुझ्या बायकोला माहितीये?”

“नाय नाय. तिला सांगू नको हां.” त्याने आवाज खाली केला. “एक लिलाव लागलाय ताई, ॲपवर. स्कूटी. लाल. पूजाला सातवा चालूय, आन् ही बाई खळ्यावर कांदा निवडायला जाती. येताना चौकात उभी, रिक्षा भरंस्तोवर. परवा पाय असे सुजले होते. म्हटलं दारात गाडी उभी करायची आन् मग हाक मारायची.”

“किती घातलेस?”

“सोड ना.”

“हिऱ्या.”

“बाळंतपणाचे ठेवले होते ना, त्यातले. सगळे नाय, अर्धे. पण आता सुटायचं कसं? एवढं गेल्यावर सोडलं तर ते गेलेलं गेलंच की.”

तिच्या हाताखालचा फोन गरम झाला होता. वर मॅडमचा मेसेज सरकत आला : ‘सुनंदा, सोडू नका. हा अजून खेळेल.’

“एकच बाई ऱ्हायलीय आता,” हिरामण सांगत होता. “सुनंदा म्हणून, अकोल्याची. लय चिवट. पण थकंल. शेठसंगं फिरून एक कळलंय बघ, प्रत्येकाचा आकडा असतो. तिथवर आला ना, की व्यापारी तोंडानं बोलत ऱ्हातो, पण पाय मागं घेतो. मी तोंड बघतच नाय, पाय बघतो.”

“फोनवर कुठले पाय?”

“ते बी खरं. पण आकडा तर असणारच ना तिचा.”

“नसला तर?”

“आकडा नसलेलं माणूस असतं व्हय?” तो हसला.

माहेरच्या बाजारात ललिताने लहानपणापासून लिलाव पाहिले होते. बोली हरलेला व्यापारी टोपी सारखी करून पुढच्या ट्रॅक्टरकडे चालायला लागतो. त्याचं काही जात नाही. हिरामण त्याच पायांवर उभा राहून हा लिलाव खेळत होता. हे त्याला कसं सांगायचं? कुठून सुरुवात करायची?

“मी असं ऐकलंय,” ती अडखळली, “की कंपनीच माणसं बसवते. नुसती बटणं दाबायला. म्हणजे… खरी नसतात ती.”

“हॅ! असल्या कामाला कोण बसंल? काही लाज असती का नाय माणसाला?”

तोही हसला आणि तीही हसली. आपण का हसलो, हे तिला कळलं नाही.

“आई, पाणी.” मागे गोदा उठून बसली होती, एका गालावर चादरीच्या चुण्या. ललिताने मान वळवून बाटली दिली. गोदा पाणी प्यायली, निम्मं फ्रॉकवर सांडलं, आणि तशीच ओली येऊन आईच्या मांडीवर बसली.

“कोण? मामा? मामा, मी उठले!”

“उठली का माझी भवानी? स्वप्नात काय खाल्लं?”

“काहीच नाही. स्वप्न पडलंच नाही मला.”

“अरेरे. आईनं दिलं नसंल. कंजूष हाय ती.”

“आई, कंजूष म्हणजे?”

“म्हणजे तुझा मामा,” ललिता म्हणाली. हिरामण मोठ्याने हसला. घड्याळ संपत आलं होतं, वर गुलछबू होता, आणि हसता हसताच तिचा अंगठा सवयीने खाली गेला. सुनंदा, अकोला.

तिने अंगठा मुठीत मिटून घेतला. ही शेवटची. आता तो दाबेल, आणि त्यानंतर आपण दाबायचं नाही. नेट गेलं म्हणता येईल, मुलगी रडत होती म्हणता येईल. काम गेलं तर जाईल. गोदाच्या शाळेचं मग बघू काय ते. एवढ्या सगळ्या गोंधळात ही एकच गोष्ट तिला स्वच्छ दिसली, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिने गोदाचे दमट केस मागे सारले आणि गुलछबूची वाट पाहायला लागली.

गुलछबू आला नाही.

“हिऱ्या?”

“हं.”

“काय झालं? गप्प का?”

“काय नाय. बोल की तू. गोदीला बोलू दे.”

घड्याळ उतरत होतं. “अरे, तू खेळ ना तुझं. माझ्यामुळे थांबू नको.”

“नाय गं.”

“अरे पण गाडी… दाब ना, हिऱ्या!”

घड्याळ शून्यावर आलं. स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि त्यातून मोठी अक्षरं वर आली : अभिनंदन, सुनंदा!

गोदाने टाळ्या वाजवल्या.

“गेली,” हिरामण म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता, पण वाईट नव्हता. “जाऊ दे ताई. मीच सोडली. अजून टोकनं होती माझ्याकडं. पण ही गोदी मागं बोलायला लागली ना, पाणी दे, अमुक दे, तेव्हा वाटलं, ती सुनंदाबी अशीच बसली असंल घरात. मांडीवर लेकरू, हातात फोन. एवढी चिवटपणे भांडतीय म्हणजे तिला माझ्याहून गरज असंल. घेऊ दे तिला. पूजाला सांगतो आज सगळं. चार शिव्या घालील, घालू दे.”

ललिताने टाळ्या वाजवणारे गोदाचे हात धरले.

“शेठ आले,” तो म्हणाला. “ठेवतो. ताई, दाब दाब म्हणून तूच लय ओरडत होती. तुला बी नाद लागंल, सांभाळ.”

फोन बंद झाला. दुसऱ्या फोनवर मॅडमनी अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं आणि खाली एक ओळ : ‘उद्या हीच गाडी परत लावू.’ ललिताने तो फोन पालथा करून फरशीवर ठेवला. मग उचलला, आणि परत पालथा ठेवला.

गोदा तिच्या बांगड्या एकेक करून मनगटाकडे सरकवत होती. सगळ्या खाली आल्यावर तिने वर पाहिलं.

“आई, सुनंदामावशीचं बाळ केवढं आहे? माझ्याएवढं?”