चौथी खुर्ची

"जगात न सुटणारं भांडण नाही, फक्त चुकीच्या जागी बसलेली माणसं असतात," असं जाहीर करून समेटतज्ज्ञ स्वतः बसले आणि खुर्चीचा एक पाय लंगडा निघाला. त्याखाली कुठल्याशा सत्कारातल्या मानपत्राची घडी सारल्यावर जग पुन्हा सपाट झालं.

त्यांच्या खोलीत टेबल नव्हतं. मध्ये टेबल आलं की माणसं देशांसारखी वागतात. खुर्च्या तीनच, चौथा माणूस बसला की तो प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक दिसला की भांडणाला चेव चढतो. म्हणून म्हातारी बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभी होती. ज्याच्याकडे ठरेल त्याच्याकडे परस्पर जाता यावं, म्हणून पिशवी भरूनच आली होती.

आत तिचे दोघे मुलगे. वडील गेल्यापासून त्यांच्यात विस्तव जात नव्हता. वाद एकच, आईला ठेवायचं कुणी? निरोप्याचं काम आईकडेच. "दादाला सांग, माझं घर धर्मशाळा नाही," हे ती एक शब्द न गाळता पोचवायची.

"नियम सोपा," तज्ज्ञ म्हणाले. "आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग आपलं."

थोरला खाकरला. "धाकट्याचं म्हणणं, आई रात्रभर खोकते. कुणाला झोप नाही. बायको माहेरी जायची धमकी देते."

"दादा, तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, गाढवा? माझ्याकडे काय वेगळं असतं?"

धाकट्याचे डोळे भरले. "मला वाटायचं, तू मुद्दाम माझ्या गळ्यात मारतोस."

"आणि मला वाटायचं, तू!"

"बघा!" तज्ज्ञ हरखले. "भूमिका दोन, गरज एकच!"

गरज सापडल्यावर वेळ लागला नाही. धाकट्याला एक वृद्धाश्रम माहीत होता, थोरल्याकडे गाडी होती. दोघे उठून एकमेकांच्या गळ्यात पडले.

"आई, ये गं आत! आम्ही एक झालो!"

म्हातारी पिशवी उचलून आत आली. मुलांनी वृद्धाश्रमाचं सांगितलं, एकाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करत. तिनं ऐकून घेतलं.

"आजी, मोकळेपणानं बोला," तज्ज्ञ म्हणाले. "इथं प्रत्येकाचं ऐकलं जातं."

तिनं रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं.

"तुमचं झालं असेल, तर यातल्या एकीवर बसू का जरा? गुडघे दुखतायत."