मागच्या चाकावरचा पोचा

सकाळचं ऊन गल्लीत उतरायला बराच वेळ लावी. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, कबुतरांच्या उंच लाकडी खुराड्याला लागे. मग वाळत घातलेल्या चादरींतून झिरपून, बाल्कन्यांच्या कठड्यांवर थांबत थांबत, एकेक मजला खाली येई. इस्माइलियातलं हे ऊन कालव्यावरून येतं. त्याला पाण्याचा किंचित दुधी रंग असतो आणि घाई मुळीच नसते. हातिम उकळत्या पाण्याची किटली हातात धरून त्याची वाट पाहत उभा होता. ऊन तिरकं असेल तरच पोचा नीट दिसतो. डोक्यावर आलं की सगळा पत्रा सपाटच भासतो. अखेर ते त्याच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर पोचलं, मागच्या काचेवरून घसरलं आणि डाव्या चाकावरच्या पत्र्यावर आलं. तिथल्या खळग्याच्या एका कडेला उजेड साचला, दुसऱ्या कडेला बारीकशी सावली.

हातिमनं त्यावर पाणी ओतलं. वाफ उठली आणि पत्रा मंदसा चुरचुरला.

"तीन उन्हाळे हा पोचा मिरवत फिरलास," तळमजल्यावरचा सफवत दाराच्या पायरीवर बसून तामियाचे तळलेले वडे भरलेली भाकरी खात होता, "आणि आज एकदम शस्त्रक्रिया?"

"लग्नाच्या फोटोत दिसेल, असं वरच्या समीहाकाकू म्हणाल्या."

"खरंय. नवरीला कोण बघतंय, सगळे चाकावरचा पत्राच बघणार." सफवतनं बोटं चाटली. "गॅरेजमध्ये टाकली असतीस तर कधीच मोकळा झाला असतास."

"तिथं रंग मारतात."

कारखान्यातला मूळ रंग जिच्यावर अजून आहे ती गाडी 'फाब्रिका'. एकदा कुठं फवारा बसला की ती कायमची डागाळली. विकायला काढली की गिऱ्हाईक पत्र्यावर बोटं वाजवत आधी तेवढंच विचारतं. हातिमनं पोचा का काढला नाही, याचं हे कारण गल्लीत सगळ्यांना पटलं होतं. ते खरंही होतं. फक्त पुरतं नव्हतं.

त्यानं बेसिन तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप पत्र्यावर दाबून बसवला आणि हळूच ओढला. पंप निसटून हातात आला. पोचा जागच्या जागी.

तो पडला तेव्हा वरच्या मजल्यावरची इनास गाडी चालवत होती. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी ती, तिची आई समीहाकाकू आणि हातिम कालव्याकाठच्या झाडांखाली सरावाला जात. काकू मागच्या सीटवर कलिंगडाच्या बिया फोडत बसत आणि गियर बदलताना इंजिन कण्हलं की मोठ्यानं देवाचं नाव घेत. एकदा गाडी मागं घेताना इनासनं ती थेट आंब्यांच्या हातगाडीवर घातली. हातगाडीच्या कडांना गोणपाट गुंडाळलेलं होतं, म्हणून रंगाला ओरखडाही आला नाही. पत्रा तेवढा आत गेला. हातिमचा हात हँडब्रेकवर होता. इनासनं तो घट्ट धरला आणि आंबेवाल्याचा आवाज खाली येईपर्यंत सोडला नाही.

तेवढ्यावर हातिम तीन वर्षं जगला होता. त्याच्या आईनं दोनदा विचारलं, "समीहाच्या कानावर घालू का?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "अजून वेळ आहे." इनासचा नबीलशी साखरपुडा झाल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांपुढं तिचं काही चाललं नसणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. जिन्यात ती पूर्वीसारखीच हसून बोलायची. त्या हसण्यातही त्याला थोडं दुःख सापडायचं. रात्री गाडी लावून वर जाताना त्याचा तळवा नकळत त्या खळग्यावरून फिरे.

आणि काल समीहाकाकू स्वतः खाली आल्या होत्या. "पोरा, नवरीसाठी तुझीच गाडी हवी. इनासही तेच म्हणते." इनासही तेच म्हणते, हे शब्द त्यानं रात्रभर उलटसुलट करून पाहिले होते.

त्यानं पुन्हा पाणी ओतलं. पंपाची कड ओली केली, गुडघा जमिनीला टेकवला आणि या वेळी झटका न देता अंगाचा भार मागं नेत ओढत राहिला. पत्रा टक्‌ असा वाजला आणि बाहेर आला.

सफवत उठून जवळ आला. वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

"एवढंच होतं?"

हातिमनं तळवा पत्र्यावर ठेवला. पत्रा गरम होता आणि सपाट होता.

जिन्यात सपाता वाजल्या. केसांना गोल गुंडाळ्या लावलेली इनास खाली आली; तिला पार्लरला जायचं होतं. दोन्ही हातांवर मेंदी होती, म्हणून तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. गाडीपाशी येऊन तिनं ते सोडलं.

"निघाला, मास्तर? अरे, कुठं होता तेसुद्धा कळत नाही."

"निघाला."

"मला वाईट वाटलं बघ. ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे ही गोष्ट. नबीलनं तर पहिल्याच भेटीत ऐकली." ती सफवतकडे वळली. "आंबेवाला ओरडतोय, मागं आईच्या बिया सांडल्यात, आणि मी हँडब्रेक समजून याचा हात धरलाय. सोडेचना. ओढतेय आपली."

सफवत हसला आणि हातिमकडे पाहून थांबला.

"हँडब्रेक समजून," हातिम म्हणाला.

"मग? मला वाटलं, अडकला कुठंतरी." ती अजून हसत होती. "पण तू एका शब्दानं बोलला नाहीस. नबीलला मी तेच सांगितलं, असा मास्तर होता म्हणून शिकले. बाबांनी पहिल्याच दिवशी खाली उतरवलं असतं. लायसन्स नसतं तर त्या बंदरावरच्या कंपनीनं मला घेतलंच नसतं, आणि मग हा माणूसही भेटला नसता. म्हणून म्हटलं, आज हीच गाडी हवी."

"फुलवाला दुपारी येईल," हातिम म्हणाला.

"पांढरी सांग. आणि संध्याकाळी हळू चालव हं, हे केस बांधायला अख्खा दिवस जाणार आहे."

वरच्या बाल्कनीतून समीहाकाकूंची हाक आली: टॅक्सी कोपऱ्यावर उभी आहे आणि ही तिथं गप्पा मारत बसलीय. इनास मेंदीचे हात अंगापासून लांब धरून, सपाता फटफटवत निघून गेली.

सफवत दाराच्या पायरीकडे वळला. मग म्हणाला, "चहा ठेवतो."

"ठेव."

"साखर?"

"नेहमीसारखी."

ऊन आता जमिनीवर उतरलं होतं. हातिमनं किटलीतलं उरलेलं पाणी गटारीत ओतलं, फडकं पिळलं आणि पत्रा पुसून कोरडा केला. त्या उन्हाळ्यात इनास फक्त गाडी शिकायला येत होती.