सात दिवसांचं पान

बालाघाटच्या मराठी मंडळाची वधूवर वेबसाइट अनुराग चालवायचा, आणि हुशारी म्हणाल तर जरा गरजेपेक्षा जास्तच. साल २००४. लांजीकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून रांगणारं प्रकरण. पानं लवकर उघडावीत म्हणून त्याने सर्व्हरला बजावून ठेवलं होतं: पानाच्या आधी पाहणाऱ्याच्या कॉम्प्युटरला सूचनांचा जो हेडर जातो, त्यात ‘हे सात दिवस जपून ठेव’ असं लिही. फोटोंपुरतं ठीक होतं. पण सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दर वेळी ताजी बनवते त्या नावांच्या यादीलाही गड्याने तोच नियम लावला, आणि ते त्याच्याच अंगाशी आलं.

सोमवारी त्याचं लांजीच्या वैदेहीशी साक्षगंध झालं, लग्न ठरलं. मंगळवारी वडिलांची चिठ्ठी घेऊन त्याने यादीतून आपलं नाव काढलं. वडीलधाऱ्याची सही असल्याशिवाय कोणाचंही नाव काढायचं नाही, असा मंडळाचा नियमच होता. गुरुवारी वैदेहीच्या वडिलांचा, गुणाकररावांचा फोन आला.

"जवाईबापू, बाबूलालच्या सायबर कॅफेत बसलो आहो. यादीत तुमचं नाव अजून काहून दिसून राह्यलं? दुसऱ्या पोरी पाहून राह्यले काय? तसं असंल तर आताच सांगा, लग्न थांबवतो."

वैदेही अनुरागला मनापासून आवडली होती. कॅफेच्या कॉम्प्युटरने मंगळवारच्या आधी कोणीतरी उघडलेलं जुनंच पान जपून ठेवलंय, हे त्याला लगेच कळलं. पण फोनवर रिफ्रेश करा म्हटलं असतं, तर ‘आत्ताच काढलं असंल’ म्हणायला गुणाकरराव मोकळे. त्याने आधी सर्व्हरची फाइल उघडून यादीच्या स्क्रिप्टपुरता नियम बदलला: ‘हे जपू नको, दर वेळी नवं माग.’ मग वडिलांची चिठ्ठी खिशात घातली आणि लांजीला जायला मोटरसायकलला किक मारली.

कॅफेत बापलेक दोघंही बसले होते. "मामाजी, तारीख पाहा," म्हणत त्याने चिठ्ठी होणाऱ्या सासऱ्यांपुढे केली आणि रिफ्रेश केलं. पान सावकाश उतरलं. त्याचं नाव नव्हतं.

"हौ, गेलं बुवा," गुणाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

वैदेही मात्र वाकून मुलींची नावं वाचत होती. "बाबा, माझं तं अजून आहेच की."

गुणाकरराव चष्मा पुसू लागले. "तुम्हाले माहीत होतं?" त्यांनी जावयाला विचारलं.

"हौ."

"मंग काढलं काहून नाही?"

"तुमची चिठ्ठी नव्हती, मामाजी."

गुणाकररावांनी बाबूलालकडे कागद मागितला आणि सही ठोकली. अनुरागने तिथूनच नाव काढलं. वैदेहीने यादी उघडली. नव्या नियमामुळे रिफ्रेश न करताही नाव गेलेलं होतं. तरी तिने ती आणखी दोनदा उघडून पाहिली.