विधवेची टोपी

कातेलच्या डोक्यावरची पांढरी टोपी पॅरिसहून आलेल्या चित्रकाराला खटकली. भक्तीत बुडालेली गरीब बाई रंगवायची, तर ती विधवा हवी, असं त्याचं म्हणणं. हवेलीच्या मालकीणबाईंना ते इतकं पटलं की विधवा घालतात ती काळी टोपी त्यांनी स्वतःच आणून दिली.

कातेलचा नवरा एफ्लाम आइसलंडच्या समुद्रावर मासेमारीला गेला होता आणि गलबत अजून परतलं नव्हतं. अशा वेळी ती टोपी घालायची म्हणजे आपल्याच हाताने त्याला बुडवायचं. तिने चाचरत तसं सांगितलं, तर बाई हसल्या.

"अगं, चित्रातली टोपी ती. देवाला काय एवढंही कळत नाही?"

मग बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, की तू आणि तुझी सासू राहता ते आमचं घर कधी रिकामं करताय? टोपीचं देवाला कळतही असेल, कातेलच्या मनात आलं. समुद्राला कळतं का, हे बाईंना काय ठाऊक? त्यांच्या घरातलं कोणी कधी गलबतावर चढलं नव्हतं.

देवळात कातेल जपमाळ घेऊन गुडघ्यांवर बसली. हलायचं नाही, अशी चित्रकाराची ताकीद होती. गुडघे बधिर झाले तरी ती मनातल्या मनात मेरीमातेला विनवत राहिली, की ही टोपी माझी नाही गं.

दुपारी तिची सासू त्रेफीना दोन शेजारणींबरोबर आली. लेकासाठी मेणबत्ती लावायला ती रोजच यायची. सुनेला पाहून ती दारातच खिळली.

"निरोप कधी आला?"

"निरोप नाही आला, आई. ते जिवंत आहेत. हे चित्रासाठी आहे."

म्हातारीच्या डोळ्यांत नुसती कीव होती. "डोक्यावर परिणाम झाला पोरीच्या. नवरा जिवंत असताना ही टोपी कोणी घालतं का?"

कातेलने टोपी काढायला हात वर नेला. मागच्या बाकावरून मालकीणबाई फक्त "कातेल" म्हणाल्या. हात खाली आला.

त्रेफीना तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली आणि एफ्लामचं नाव घेऊन मृतांची प्रार्थना म्हणू लागली. शेजारणींनी सूर धरला. आता कुठे चेहरा जमला, असं म्हणत चित्रकाराचा हात भराभर चालू लागला.

त्या प्रार्थनेत एका ओळीला विधवेने एकटीने उत्तर द्यायचं असतं. ती जागा आली तशा तिघी गप्प झाल्या आणि तिची वाट पाहू लागल्या.

कातेलने उत्तर दिलं.